धरपकडीनंतर मागे उरलेली माणसे

अमेरिकेच्या आयोवा राज्यातले पोस्टव्हिल हे जेमतेम सव्वादोन हजार वस्तीचे गाव. चहूकडे मक्याची शेते आणि गावाला लागून मांसप्रक्रियेचा मोठा कारखाना. ब्रुकलिनच्या एका हसिदी ज्यू कुटुंबाने १९८७ मध्ये तिथला बंद पडलेला कत्तलखाना घेतला आणि वीस वर्षांत तो देशातला सर्वांत मोठा कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार मांस तयार करणारा, कारखाना झाला. कापाकापीच्या कामाला माणसे आली ती बहुतांशी ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतून. १२ मे २००८ च्या सकाळी गावावर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागले, शेकडो संघीय अधिकाऱ्यांनी कारखाना वेढला आणि ३८९ कामगारांना ताब्यात घेतले. गावाच्या हिशेबाने दर सहा माणसांमागे साधारण एक.

पकडलेल्यांना नेले वॉटर्लू शहरातल्या गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानात. तिथल्या नाचाच्या हॉलचे न्यायालय केले होते. हातापायांत बेड्या आणि कमरेला साखळी अशा अवस्थेत दहा-दहा जणांची रांग आत यायची, एकाच वेळी सगळ्यांना तेच प्रश्न विचारले जायचे आणि पुढची रांग उभी राहायची. खोट्या कागदपत्रांचा गुन्हा कबूल करा, पाच महिने तुरुंगात काढा आणि हद्दपार व्हा; नाहीतर दुसऱ्याची ओळख चोरल्याचा, किमान दोन वर्षे शिक्षेचा खटला अंगावर घ्या, अशी निवड होती. दुभाषे म्हणून बोलावलेले फ्लोरिडातले प्राध्यापक एरिक कामायद-फ्रेइक्सास यांनी नंतर हे सगळे लिहून प्रसिद्ध केले आणि अमेरिकी संसदेच्या समितीसमोर साक्षही दिली. दुभाष्याने न्यायालयातल्या गोष्टींबद्दल मौन पाळावे हा त्या पेशाचा संकेत. तो त्यांनी मोडला, कारण समोर बसलेल्या अनेकांना सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, हा काय प्रकार आहे हेच ठाऊक नव्हते. ज्या कलमाचा धाक दाखवून या कबुल्या घेतल्या, ते असे वापरता येणार नाही, असा निकाल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी, मे २००९ मध्ये, एकमताने दिला. तोवर पोस्टव्हिलची माणसे शिक्षा भोगून देशाबाहेर गेली होती.

छाप्याची बातमी सहसा इथे संपते. पकडलेले किती, शिक्षा किती, विमाने किती. मागे राहिलेल्यांची गोष्ट इथून सुरू होते.

त्या संध्याकाळी गावातल्या सेंट ब्रिजेट्स चर्चमध्ये शेकडो बायका-मुले जमली आणि तिथेच बाकांवर झोपली. दुसऱ्या दिवशी शाळेतली निम्मी मुले आली नाहीत. लहान मुले असलेल्या काही बायकांना 'मानवतेच्या कारणास्तव' सोडले, पण घोट्याला जीपीएसचा पट्टा बांधून. या पट्ट्याची बॅटरी रोज भरावी लागते. पाय भिंतीतल्या सॉकेटजवळ ठेवून, वायर लावून बसून राहायचे. काम करायची परवानगी नाही आणि गाव सोडायचीही नाही. नवरा कुठल्या तुरुंगात आहे याचा पत्ता लागायलाच दिवस जात. त्या बायकांचा शिधा, घरभाडे, वकिलाची गाठ हे सगळे महिनोन् महिने त्या चर्चने पाहिले. कारखाना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीत गेला. दुकाने बंद पडली, भाड्याची घरे ओस पडली. ज्यांच्याकडे कागदपत्रे होती, जे तिथेच जन्मले होते, त्यांचेही गाव त्यांच्या हातून गेले.

कागदपत्रे असलेल्यांनाही छाप्याचा फटका बसला याला पुरावा आहे, आणि तो अंगावर येणारा आहे. २०१७ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी'त आलेल्या अभ्यासात संशोधकांनी आयोवाभरच्या जन्मनोंदी तपासल्या. छाप्यानंतरच्या महिन्यांत लॅटिनो आयांच्या पोटी कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २४ टक्क्यांनी वाढला होता. गोऱ्या आयांच्या बाळांत अशी वाढ दिसली नाही. अमेरिकेत जन्मलेल्या लॅटिनो बायकांतही मात्र ती दिसली. पोस्टव्हिलपासून दूर राहणाऱ्या, कारखान्याशी काडीचा संबंध नसलेल्या बायकांच्या पोटातही ती भीती पोचली होती. कायदेशीर आणि बेकायदेशीर अशी जी रेघ राजकारणी आखतात, ती शरीराला माहीत नसते.

छाप्यांच्या प्रश्नाकडे पाहताना दोन्ही बाजूंचे लोक पकडलेल्या माणसावर बोलतात. तो गुन्हेगार की कष्टकरी, त्याला ठेवावे की घालवावे. या वादात शोक करणारा समाज कोपऱ्यात राहतो. आणि हा शोक नेहमीच्या शोकासारखा नाही.

पॉलीन बॉस या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांवर काम केले. माणूस मेल्याची खात्री नाही, परत येण्याचीही नाही, अशा स्थितीत कुटुंब गोठून जाते, निर्णय घेता येत नाहीत आणि दुःखाला शेवट सापडत नाही, हे त्यांनी दाखवले. पुढे हद्दपारीने फुटलेल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्यांनीही हाच धागा धरला. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलंभात आणून देतात, दहावे-तेरावे होते, पुढे वर्षश्राद्ध. दुःखाला चारचौघांत जागा मिळते. हद्दपारीला असा कुठलाच विधी नाही. शेजारणीला सांगावे तर ती कुणाला बोलेल याचा धसका, शाळेत सांगावे तर नोंद होईल ही धास्ती. मुलाला सांगतात, बाबा कामाला लांब गेलेत.

कायद्यानेही या दुःखाला लांबी दिली आहे. १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्या सहीने झालेल्या कायद्यात अशी तरतूद आहे की, वर्षभराहून अधिक काळ बेकायदा राहिलेला माणूस देशाबाहेर गेला की दहा वर्षे परत येऊ शकत नाही. बायको अमेरिकी नागरिक असली तरी हीच अट, काही अपवाद सोडले तर. 'मग आपल्या देशात जाऊन रीतसर अर्ज करून या' असे सहज म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. तीन वर्षांचे मूल तोवर तेरा वर्षांचे झालेले असते.

हे सारे आजचे नाही. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसच्या ला प्लासिता चौकात दुपारच्या उन्हात बसलेल्या चारेकशे माणसांना अधिकाऱ्यांनी घेरून कागद मागितले. महामंदीचे दिवस होते, नोकऱ्या नव्हत्या, दोष कुणावर तरी ढकलायचा होता. त्या दशकात मेक्सिकोला पाठवलेल्यांचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांच्या वर जातात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अमेरिकी नागरिक होते, असे इतिहासकार मानतात. कॅलिफोर्निया राज्याने त्याबद्दल कायदा करून माफी मागितली ती २००५ मध्ये. ज्यांची मागायची त्यांतले बहुतेक तोवर गेले होते. मधल्या सत्तर वर्षांत अनेक घरांत या विषयावर कुणी बोललेच नाही, ही इतिहासकार फ्रान्सिस्को बाल्देरामा आणि रेमंड रॉड्रिगेझ यांच्या संशोधनातून पुढे आलेली गोष्ट. नातवंडांना विद्यापीठात गेल्यावर कळले की आजी हद्दपार झाली होती.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००३ मध्ये इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट, म्हणजे आयसीई ही यंत्रणा अस्तित्वात आली. १२ डिसेंबर २००६ रोजी तिने 'स्विफ्ट' कंपनीच्या सहा मांसकारखान्यांतून सुमारे तेराशे कामगार पकडले. तो ग्वादालुपेच्या मातेच्या सणाचा दिवस होता, मेक्सिकन कॅथलिकांचा वर्षातला सर्वांत मोठा. सणाच्या मेणबत्त्या लावायला म्हणून सजवलेल्या चर्चमध्ये त्या रात्री हरवलेल्या माणसांच्या याद्या तयार होत होत्या. दोन ठिकाणचे स्विफ्ट कारखाने आणि मॅसॅच्युसेट्समधला आणखी एक कारखाना अशा तीन गावांचा अभ्यास 'अर्बन इन्स्टिट्यूट'ने २००७ मध्ये केला. दर दोन पकडलेल्या प्रौढांमागे सरासरी एक मूल मागे राहत होते. त्यांतली दोनतृतीयांश मुले अमेरिकी नागरिक होती आणि बहुतेक दहा वर्षांच्या आतली. नंतरच्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुले वारंवार रडत होती, घाबरत होती; दोनतृतीयांश मुलांचे खाणे-झोपणे बिघडले होते.

इथे पक्षांचा हिशेब सरळ नाही, हे सांगायला हवे. एका वर्षात चार लाखांवर माणसे हद्दपार झाली ती २०१२ मध्ये, बराक ओबामांच्या काळात. स्थलांतरितांच्या संघटनांनी त्यांना त्याबद्दल जाहीरपणे फटकारले होते. ७ ऑगस्ट २०१९ रोजी ट्रम्प सरकारने मिसिसिपीतल्या कोंबड्यांच्या कारखान्यांवर छापे घालून ६८० माणसे पकडली. काही गावांत तो शाळेचा पहिला दिवस होता. नवी दप्तरे घेऊन गेलेली मुले संध्याकाळी व्यायामशाळेच्या फरशीवर झोपण्याची वेळ आली. म्हणजे यंत्र दोन्ही पक्षांनी मिळून उभे केले. मात्र ते कसे वापरायचे आणि कुठे थांबवायचे यात फरक होता, आणि आजच्या दुःखाची मुळे त्या फरकात आहेत.

२०११ पासून एक सूचना लागू होती. शाळा, चर्च, रुग्णालये, अंत्ययात्रा अशा ठिकाणी शक्यतो अटक करायची नाही. २०२१ मध्ये ती आणखी व्यापक झाली. जानेवारी २०२५ मध्ये, ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीच्या आरंभीच, ती रद्द झाली. पोस्टव्हिलच्या बायकांना छाप्यानंतर चर्चमध्ये तरी जाता आले होते. आता त्या दाराचाही भरवसा उरला नाही. माणूस नेला गेल्याचे दुःख जुनेच आहे. ते ज्या जागी मोकळे करायचे ती जागा घालवणे हे या काळाचे वेगळे काम. आजवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा ही गोष्ट गंभीर आहे.

कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचे बिशप आल्बेर्तो रोहास यांनी जुलै २०२५ मध्ये फर्मान काढले की, ज्यांना अटकेची भीती वाटते ते रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, आले नाहीत तरी चालेल. कॅथलिकांसाठी रविवारची मिस्सा हे कर्तव्य. त्यातून अशी सूट साथीच्या किंवा आपत्तीच्या काळात मिळते. शाळांचेही तेच. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत २०२५ च्या सुरुवातीच्या छाप्यांनंतर मुलांची गैरहजेरी सुमारे २२ टक्क्यांनी वाढली, असे स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ थॉमस डी यांना आढळले. न्यूयॉर्कमध्ये, आणि इतर शहरांतही, सुनावणीसाठी स्वतःहून न्यायालयात आलेल्या माणसांना व्हरांड्यातच धरले जाऊ लागले. तारखेला गेले तर अटक, न गेले तर आपोआप हद्दपारीचा हुकूम. कायदा पाळणाऱ्यालाच हा फास बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसमधल्या धरपकडीवरची बंदी उठवली. माणसाचा वंश, भाषा, कामाचे ठिकाण एवढ्यावरूनच त्याला अडवू नये असे खालच्या न्यायालयाने बजावले होते.

पैसाही ओतला गेला. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्यात नुसत्या कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर आहेत. त्या उन्हाळ्यात कोठडीतल्या माणसांची संख्या ६० हजारांवर गेली आणि त्यांतल्या बहुसंख्यांना कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नव्हती.

कोठडीतला माणूस शोधणे हेच एक कष्टाचे काम आहे. आयसीईच्या संकेतस्थळावर शोधायची सोय आहे, पण तिथे नऊ आकडी नोंदणी क्रमांक लागतो. तो नसेल तर नाव आणि जन्मदेश तंतोतंत जुळावा लागतो. स्पॅनिशभाषक माणसाला सहसा दोन आडनावे असतात. लिहिणाऱ्याने एक गाळले की माणूस यादीत नाही. इलिनॉयमध्ये पकडलेला माणूस दोन दिवसांनी टेक्सासमध्ये असतो. घरातली थोरली मुलगी, जिला इंग्रजी येते, रात्री फोनवर आडनावांची उलटापालट करून पाहत राहते. अशा घरांत भावंडांचे कायदेशीर पालकत्व नातलगाला देणारे कागद आता आधीच करून, नोटरी करून ठेवलेले असतात. आई जिवंत आहे, घरात स्वयंपाक करते आहे, आणि तिच्या माघारी मुले कुणाकडे जातील हे टेबलावरच्या कागदात लिहिलेले आहे.

शिकागोजवळच्या ब्रॉडव्ह्यू इथल्या आयसीई केंद्राबाहेर 'सिस्टर्स ऑफ मर्सी' संघाच्या दोन धर्मभगिनी, पॅट मर्फी आणि जोअॅन पर्श, २००७ पासून दर शुक्रवारी सकाळी उभ्या राहत. हद्दपारीच्या बसगाड्या तेव्हा निघत. त्या जपमाळ ओढत, कुटुंबांच्या शेजारी थांबत, आणि कैद्यांना धर्मगुरूंची भेट मिळावी यासाठी झगडून त्यांनी राज्यात कायदाही करवून घेतला. कॅमेरे नसताना, अध्यक्ष कुठल्याही पक्षाचा असताना, हे चालू होते. २०२५ मध्ये दोघीही गेल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवसांत, त्या इमारतीबाहेर मोठी मिस्सा झाली. आत कोंडलेल्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सातला प्रसाद, देऊ द्यावे अशी धर्मगुरूंची विनंती नाकारली गेली.

शिकागोतल्या लिटल व्हिलेजमधल्या सव्विसाव्या रस्त्यावर मेक्सिकन दुकानांची रांग आहे. शहराच्या सर्वांत जास्त उलाढालीच्या बाजारपेठांत ती मोडते. २०२५ च्या शरद ऋतूत तिथे शुकशुकाट झाला. शहरातला मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाचा मोठा उत्सव पुढे ढकलला गेला. लोकांनी गळ्यात शिट्ट्या अडकवल्या, अधिकारी दिसले की वाजवायला. सायकलवाल्यांचे गट पहाटे फिरून तमाले हा मक्याच्या पिठाचा पदार्थ विकणाऱ्यांचा सगळा माल विकत घेत, म्हणजे विक्रेता दिवसभर रस्त्यावर न थांबता घरी जाईल. तमाले मग बेघरांना वाटले जात. लोकांनी स्वतःचे विधी असे घडवले.

जानेवारी २०२६ मध्ये मिनियापोलिसमध्ये हा शोक मृत्यूपर्यंत गेला. ७ तारखेला एका ३७ वर्षांच्या महिलेला आयसीई अधिकाऱ्याने गोळ्या घातल्या, २४ तारखेला अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या एका परिचारकाचा सीमा गस्त अधिकाऱ्यांच्या गोळीबारात जीव गेला. दोघेही अमेरिकी नागरिक. त्यांच्यासाठी गोठवणाऱ्या थंडीत हजारो लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले, आणि ते योग्यच झाले. पण नागरिकांच्या मृत्यूने देश हलतो आणि कोठडीतल्या मृत्यूंची नोंद आतल्या पानावर येते, हेही खरे आहे. २०२५ या एका वर्षात आयसीईच्या कोठडीत तीसच्या आसपास माणसे दगावली; दोन दशकांतला हा उच्चांक.

भारतापर्यंत हे आले ते ५ फेब्रुवारी २०२५ रोजी. त्या दिवशी अमेरिकी लष्कराचे मालवाहू विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. हातात बेड्या, पायात साखळ्या. बहुतेक पंजाब, हरयाणा, गुजरातचे, तिघे महाराष्ट्रातले. संसदेत गदारोळ झाला तो बेड्यांवरून, देशाच्या मानापमानावरून. जमीन विकून, कर्ज काढून एजंटाला दिलेले लाखो रुपये कसे फिटणार आणि परत आलेला मुलगा गावात तोंड कसे दाखवणार, याची चर्चा चार दिवसांत संपली. ज्याला घरची माणसेच अपयश समजतात त्याच्या दुःखाला कोण विचारणार? अमेरिकेत कागदपत्रांविना राहणारे भारतीय सात लाखांच्या आसपास असावेत असा प्यू संशोधन केंद्राचा अंदाज आहे, त्यामुळे ही विमाने थांबणारी नाहीत.

अमेरिकेतल्या मराठी घरांत एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आम्ही रांगेत उभे राहिलो, ग्रीन कार्डासाठी दशक-दोन दशके थांबलो, कर भरले. मग रांग मोडणाऱ्यांना सहानुभूती का? ही तक्रार पोकळ नाही. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग खरोखरच क्रूर आहे. पण त्या रांगेचा दोष कोंबड्या कापणाऱ्या ग्वाटेमालन बाईकडे जात नाही. देशनिहाय मर्यादा संसदेने घातली आणि संसदेनेच ती बदललेली नाही. स्वस्त मजुरीच्या तक्रारीचेही तसेच. पोस्टव्हिलच्या कारखान्यात अल्पवयीन मुले राबत असल्याच्या तक्रारी होत्या, छाप्यानंतर राज्याने नऊ हजारांवर कलमे लावली आणि २०१० मध्ये कारखाना चालवणारा मालकाचा मुलगा त्यांतून निर्दोष सुटला. बँक फसवणुकीत त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली, तीही २०१७ मध्ये ट्रम्प यांनी कमी करून त्याला घरी पाठवले. छाप्यातल्या ग्वाटेमालन कामगारांना अशी दया कुणी दाखवली नाही.

आणि दूर कशाला जायचे? जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणारे पश्चिम बंगालचे काही बंगालीभाषक मजूर बांगलादेशी समजून पकडले गेले, सीमेपलीकडे ढकलले गेले, आणि ते भारतीयच असल्याचे पुढे आल्यावर त्यांना परत आणावे लागले. आपल्या इमारती बांधणारी ही माणसे. त्यांच्या बायका त्या दिवसांत काय करत होत्या, हे मराठी वर्तमानपत्रांत फारसे कुणी विचारले नाही.

सरकारे सीमा राखणारच आणि काही माणसांना परत पाठवणारच. त्यावर वाद घालायला जागा आहे. चर्च, शाळा आणि न्यायालयाचा व्हरांडा धरपकडीतून वगळण्यावर मात्र वाद असू नये. अमेरिकेत ज्यांचे कागद पक्के आहेत, ज्यांना इंग्रजी येते आणि ज्यांच्या दारात गाडी आहे, अशी मराठी माणसे हजारोंनी आहेत. शेजारच्या कुणाची इमिग्रेशन न्यायालयात तारीख असेल तर त्यांनी सोबत जावे, वकिलाचा फोन लावून द्यावा, मुलांना शाळेतून आणावे, आणि ज्या घरातून माणूस नेला गेला आहे त्या घराचे दार वाजवावे.